शरयूताईंचं नाक

शरयू पेठे जनरेटर आधी हुंगायच्या. मीटर, पाना, दिवा हे सगळं नंतर. जुन्या मोटारीतून काढून आणलेला तो लोखंडी नळकांड्यासारखा डबा त्या टेबलावर ठेवून घेत, टोकाची पत्र्याची पट्टी सरकवत, ॲप्रन पदरासारखा पोटाशी गोळा करत आणि वाकून नाक थेट आत घालत. मग मान मागे घेऊन डोळे मिटत आणि चेहऱ्याचा असा चोळामोळा करत की बघणाऱ्यालाही मळमळावं. "शी! उंदीर राहून गेलाय ह्यात. आणि मागच्या अंगाला लाख जळलीय." डबा खोलला की मागच्या अंगाला तारांवरची लाख जळलेली निघायची आणि तिच्याशेजारी उंदराच्या घरट्यातला पिवळा पडलेला कापूस निघायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ह्याच अवस्थेत, म्हणजे त्यांचा चेहरा जनरेटरच्या आत होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवरा अमेरिकेत, व्हॅलीतल्या कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत, आणि मी फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये, कार्पेटच्याच रंगाच्या भिंतींकडे बघत बसलेली. नाइल्सच्या बाजूला रेल्वेच्या रुळांलगत रॉय नावाच्या एका थोराड म्हाताऱ्याचं वर्कशॉप होतं. त्याला फोन घ्यायला आणि पार्सलं बांधायला माणूस हवं होतं, म्हणून मी गेले. शरयूताईंनी डोकं बाहेर काढलं, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि मराठीतच विचारलं, "हात धुतलेस?" घरून धुऊन निघाले, असं मी म्हणाले. "ते हात घरचे. इथे पुन्हा धुवायचे." मी पुन्हा धुतले. नोकरी रॉयने दिली, पण लागले मी त्या नळापाशीच.

तिथे पहिल्या पिढीतल्या मोटारींचे जनरेटर दुरुस्त होत. आधीच्या मोटारींना रॉकेलचे नाहीतर गॅसचे दिवे असत आणि त्या हँडल मारून सुरू कराव्या लागत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इंजिनच्या जोरावर एक छोटं वीजयंत्र फिरवावं, त्याने बॅटरी भरावी आणि बॅटरीने दिवे लावावेत. ते छोटं यंत्र म्हणजे हे जनरेटर. हौशी श्रीमंत लोकांनी अशा गाड्या जपून ठेवलेल्या होत्या आणि त्यांचे जनरेटर देशभरातून आमच्याकडे खोक्यांतून येत. शरयूताई ते खोलत, धुवत, नव्याने गुंडाळत आणि मग टेस्ट बेंचवर, म्हणजे मोटरने जनरेटर फिरवायच्या लोखंडी ओट्यावर, दिव्यांची रांग जोडून तासन् तास चालवत.

नुसती दुरुस्ती त्यांना मान्य नव्हती. ह्या जुन्या यंत्रांना एक खोड होती. लांबच्या रस्त्यावर ती बॅटरीला इतकी वीज पाजत की बॅटरी उकळायची, आणि गावातल्या गावात फिरलं तर तिला उपाशी ठेवत. ताई बेंचवर वेग कमीजास्त करत आतला एक ब्रश, म्हणजे वीज वाहून नेणारा कार्बनचा तुकडा, केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसायच्या, दोन्ही रस्त्यांना पुरेल अशी जागा सापडेपर्यंत. रॉय म्हणायचा की कारखान्यातून आला तसा परत द्या, गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं. ताईंचं म्हणणं, "ज्यांनी हे केलं त्यांनी घाईत केलंय. अर्धवट काम सोडून माणसं मेली. आता ते पुरं कोण करणार, त्यांचे आजे?"

त्या मूळच्या मिरजेच्या. सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलं, तेव्हा वर्गात साडीतली एकच होती ती ह्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, एका मोठ्या मोटार कारखान्यात नव्या गाड्यांच्या वीजयंत्रांच्या तपासणीवर बरीच वर्षं काढली आणि यजमान गेल्यावर ती नोकरी सोडून इकडे आल्या. चांगली नोकरी का सोडली, ह्याचं उत्तर त्या तोंड वाकडं करून देत. नवं सगळं प्लास्टिकमध्ये बंद करून येतं, आत काही मेलं तरी बाहेर वास येत नाही, बिघडलं की फेकायचं. असलं काम करणं म्हणजे प्रेतांवर अत्तर शिंपडणं, असं त्यांचं मत होतं.

देवाधर्माचं त्यांना वावडं होतं. घरात देव्हारा नाही, उपास नाही, आणि बीफबर्गर खाल्ला तर खाल्ला म्हणून सांगायच्या. पण लहानपणी आजोळी पाहिलेलं सगळं सोवळंओवळं त्यांनी उचलून थेट वर्कशॉपमध्ये आणून बसवलं होतं. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, ज्यावर कार्बनचे ब्रश घासतात. तो घासूनपुसून तयार झाला की त्याला कुणी बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल तांब्यावर बसतं. कुणी लावलंच तर तो पुन्हा धुवायचा. एका जनरेटरमध्ये झिजून बसलेला ब्रश दुसऱ्याला लावायचा नाही, कारण तो पहिल्याच्या गोलाईवर घासलेला असतो. त्याला त्या उष्टा ब्रश म्हणत. रॉयला शब्द पाठ झाला होता. तो नव्या गिऱ्हाइकांना गंभीरपणे बजावायचा, "नो सर, वी डोन्ट यूज उष्टा."

रॉय स्वतः मात्र तंबाखू चघळायचा आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात थुंकायचा. तो डबा बाकावर असायचा, उघडा, आणि त्यात जे काही साचायचं ते मी लिहिणार नाही. मला आजही कॉफीचा तो लाल डबा दुकानात दिसला तरी घशाशी येतं. ताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. रोज सकाळी चिमट्याने डबा उचलायचा, परसात नेऊन ठेवायचा आणि चिमटा उकळत्या पाण्यात टाकायचा, हा क्रम त्यांनी इतक्या शांतपणे चालवला की शेवटी रॉयच लाजून परसात जाऊन थुंकू लागला.

महाराष्ट्र मंडळात त्या कुणालाच आवडत नसत. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्या टेबलाच्या एका टोकाने सुरुवात करून प्रत्येक भांड्यावर वाकायच्या आणि बटाट्याच्या भाजीपाशी भुवई उडवून पुढे सरकायच्या. ज्या बाईने ती भाजी केलेली असे तिचा चेहरा उतरायचा. पण खरं सांगायचं तर ती भाजी सकाळपासून गाडीच्या डिकीत तापलेली असायची, आणि आम्ही बाकीचे ती भिडेखातर खाऊन घरी जाऊन पोटं धरायचो. चक्क्याऐवजी सावर क्रीमचं श्रीखंड तर ताईंच्या लेखी गुन्हाच होता. "हे श्रीखंड नाही," त्या एकदा अध्यक्षांच्या बायकोला म्हणाल्या होत्या, "हा पश्चात्ताप आहे."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान किळसेवर उभं होतं. मी त्यांच्या हाताखाली वावरत असल्यामुळे ते मला रोज ऐकावं लागायचं. "किळस आली पाहिजे, वैशाली. ज्याला किळस येत नाही त्याने यंत्राला हात लावू नये. किती बिघडलंय ते मीटर सांगतं. बिघडायला लागलंय हे आधी नाक सांगतं." आपल्या लोकांनी घाण सहन करण्यालाच सहनशीलता असं नाव दिलंय, आणि मग घरात, ऑफिसात, लग्नात सगळीकडे सडकं चालवून घेतात, असं त्या म्हणायच्या. हे बोलताना त्यांना खरोखर मळमळत असे. मला तेव्हा वाटायचं, बाई जरा अतीच करते.

आता डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. हृदयाची ऑपरेशनं करणारे डॉक्टर, मंडळाचे मोठे देणगीदार. माणूस वाईट नव्हता, नुसता गुळगुळीत होता. अंगाला अत्तराचा भपकारा, बोलताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायची सवय, आणि सोडला की आपल्या हातालाही दिवसभर तो वास. त्यांनी एक अगदी जुनी, उघड्या टपाची, पितळी दिव्यांची गाडी विकत घेतली होती. मुलाचं लग्न नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी होतं. "अहो ताई, लिमो काय, कोणीही रेंट करतं," ते म्हणाले. "संजूची वरात ह्या गाडीतून काढायची. दिवे ओरिजिनल, करंट ओरिजिनल." त्या गाडीत इंजिनला ठिणगी देणारी यंत्रणाही जनरेटरच्याच डोक्यावर बसवलेली होती, म्हणजे जनरेटर नसेल तर गाडी जागची हलणार नाही. उन्हाळ्यात ताईंनी तो जनरेटर खोलून, सुधारून दिला. बेंचवर तो इतका सुरेख चालला की त्या क्षणभर हसल्या, आणि त्यांना हसताना पाहून रॉय घाबरला.

दसऱ्याला डॉक्टरांनी गाडीची पूजा घातली. आपल्याकडे दसऱ्याला वाहनाला हार घालतात, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढतात आणि मोकळे होतात. पण इथे हौसेला धरबंध नसतो. मंडळात एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ हौशी भटजी होते. त्यांनी ठरवलं की मोटारीचं देवत्व तिच्या इंजिनात असतं, तेव्हा अभिषेकही इंजिनालाच व्हायला हवा. बॉनेट उघडलं. पाहुण्यांना जुनी कारागिरी दिसावी म्हणून डॉक्टरांनी जनरेटरची पट्टीही काढून ठेवली होती, आतलं तांबं चकाकत होतं. त्यावर मंत्र म्हणत दूध, दही, तूप, मध, साखर असं साग्रसंगीत पंचामृत ओतलं गेलं, वर हळदकुंकू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वरून फडकं फिरवून, पट्टी लावून, गाडी गॅरेजमध्ये ठेवून दिली. नोव्हेंबरात डॉक्टरांनी ती सुरू करून पाहिली तेव्हा थोडा धूर आला आणि मीटरचा काटा हलेना.

तो जनरेटर डॉक्टरांनी आणला त्या दिवशी मी पार्सल बांधत होते. ताईंनी पट्टी सरकवली. त्यातून जे बाहेर आलं त्याला वास म्हणणं हा वासाचा अपमान आहे. आंबून निळं पडलेलं दही, खवट तूप, मधात मेलेल्या माशा, आणि ह्या सगळ्यावर करपलेली हळद. रॉय शिव्या हासडत बाहेर धावला. डॉक्टर, ज्यांनी आयुष्यभर माणसांच्या छात्या उघडल्या, ते नाकाला रुमाल लावून दारात उभे. मी कचऱ्याच्या डब्यावर वाकले होते. आणि शरयूताई, ज्यांना डिकीतल्या बटाट्याच्या भाजीची किळस यायची, त्या शांतपणे ओणवून नाक आत घालून उभ्या होत्या. त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तेल जुनं झालंय. बाकी काही विशेष नाही."

मग त्यांनी मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे, दारातल्या डॉक्टरांकडे, खिडकीबाहेर थुंकणाऱ्या रॉयकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. आणि मग, उशिरा, त्यांनी डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि "शी!" म्हणाल्या. इतकी वर्षं मी तो चेहरा रोज पाहत होते. हा त्याचा नुसता मुखवटा होता, आणि तो पाहून मला त्या पंचामृतापेक्षा जास्त कसंतरी झालं.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला नळापाशी बोलावलं. वसंतात मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून वास गेलाय, असं त्यांनी साबण लावता लावता सांगितलं. आधी वाटलं सर्दी आहे. मग महिने गेले. तपासून घेतलं, नाकाच्या डॉक्टरने खांदे उडवले, येईल किंवा येणार नाही. म्हणजे उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीत त्यांनी सावर क्रीमचं श्रीखंड मागून घेऊन खाल्लं होतं, आणि आम्ही सगळ्या बायका एकमेकींना खुणा करत होतो की बाई निवळल्या, ते हे होतं. एवढे महिने त्या नुसत्या मीटरवर आणि जुन्या सवयीवर काम रेटत होत्या. "रॉयला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "हे गेलं तर मी काय करू ग? टीव्ही बघू?"

मी सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. आणि ते फार कठीण निघालं. त्या जनरेटरचा एकेक भाग माझ्यापुढे धरायच्या आणि विचारायच्या, कसला वास? मी म्हणायची, घाण. त्या चिडायच्या. घाण म्हणजे काय, आंबट की कुबट, ओली की करपलेली, वरची की आतली? "तुला किळस येते आणि तू तोंड फिरवतेस," त्या म्हणाल्या. "फिरवू नकोस. तिथेच थांब. किळस येते त्याच्याच पलीकडे काय आहे ते बघ." मी त्या सडक्या दुधात नाक खुपसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायला शिकले. घरी गेल्यावर नवरा मला आधी आंघोळीला पाठवायचा. जेवण जात नसे. एवढ्या मोठ्या देशात येऊन, कपडे इस्त्री करून, आपण देवाला वाहिलेलं दही हुंगायला जातो, ह्याचा मला संताप यायचा, आणि तो भटजी समोर असता तर मी त्याचं नाक धरून आत घातलं असतं.

आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्यांनी पूर्ण धुऊन नव्याने बांधला. बाहेरच्या डब्याला आतून चिकटलेल्या तारांच्या गुंडाळ्या, ज्यांना फील्ड कॉइल म्हणतात, त्यांच्यावर सुती पट्टी असते आणि लाखेचा थर. त्या वरून धड दिसत होत्या, मीटरही ठीक सांगत होतं. ओव्हनमध्ये सुकवून काढल्यावर त्यांनी एकेक माझ्या नाकापुढे धरली. मला कापडाचा आणि लाखेचा वास आला, दुसरा नाही. पट्टी उकलून पुन्हा गुंडाळायची तर लाख वाळायला दिवस लागणार आणि लग्न हुकणार. ताई बराच वेळ ती कॉइल हातात घेऊन उभ्या होत्या. मग त्यांनी ती तशीच बसवली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी बेंचवर शेवटची चाचणी लावली. डॉक्टर स्वतः घेऊन जायला आले होते, बरोबर अत्तर. दिव्यांची रांग लख्ख पेटली. काटे जिथे हवे तिथे स्थिर. रॉयने अंगठा वर केला आणि खोक्यात पेंढा भरायला घेतला. ताई खुर्चीवर बसून फक्त माझ्याकडे बघत होत्या. जनरेटर चांगला तापल्यावर मला काहीतरी वाटलं. डॉक्टरांचं अत्तर मध्ये येत होतं म्हणून मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि वाकले. आलं, गेलं, पुन्हा आलं.

"वास येतोय," मी म्हणाले.

"कसला?"

"बासुंदी बुडाला लागायला लागते ना, तसा. अगदी थोडा."

रॉयने येऊन हुंगलं, पण तंबाखूने त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. डॉक्टरांनी हुंगलं आणि काही नाही म्हणाले. मलाही दुसऱ्यांदा तो नक्की सांगता येईना. ताईंनी उठून खटका पाडला. दिवे विझले.

डॉक्टर आधी हसले, मग त्यांचा आवाज चढला. "मीटर ओके आहेत, रॉय ओके म्हणतोय. आणि हिला काहीतरी वाटलं म्हणून तुम्ही माझ्या मुलाची वरात कॅन्सल करताय?"

"हो," ताई म्हणाल्या.

डॉक्टर बरंच बोलले. मंडळात असा कुणी इतका हेकेखोर नाही, लोक काय म्हणतील, पत्रिकेत गाडीचं चित्र छापलंय. ताईंनी पाना उचलला. त्या डबा खोलत होत्या. कॉइल बाहेर काढून त्यांनी लाख खरवडली आणि सुती पट्टी हळूहळू उकलली. वरचे पदर कोरडे होते. अगदी आतल्या पदराखाली तारांच्या फटीत मध आणि साय मुरली होती, आणि तिथे बोटाच्या पेराएवढा एक काळा, चिकट, बुडबुडलेला डाग होता. तिथे तारांवरचं कापड जळून तांबं उघडं पडत होतं. रस्त्यावर अर्ध्या तासात कॉइलने पेट घेतला असता, पेट्रोलच्या नळीपासून हातभर अंतरावर, आणि गाडीत फेटा बांधलेला मुलगा आणि शालू नेसलेली मुलगी. रॉयने टोपी काढली. डॉक्टर त्या डागाकडे बघत राहिले आणि मग गेले.

मला वाटलं, आता ताई जिंकल्या. मी तर त्यांना मिठी मारायला निघाले होते. त्यांनी ॲप्रन काढून घडी केला आणि रॉयला सगळं सांगितलं, ताप, वास जाणं, मी नाक होणं, सगळं. आणि म्हणाल्या, आज माझा शेवटचा दिवस. रॉयच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला की ही मुलगी आहे ना हुंगायला, तुम्ही दोघी मिळून करा, काय बिघडलं? मीही तेच म्हणाले. ताईंनी ती जळकी कॉइल माझ्या हातात दिली.

"ओव्हनमधून काढली तेव्हाच मला हे कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पूर्वी. मग मी ती बसवलीच नसती. आज तू नाक शिंकरायला जरी बाहेर गेली असतीस तरी मी खोकं बांधून दिलं असतं. तपासणाऱ्याला स्वतःला किळस यावी लागते, वैशाली. दुसऱ्याकडून मागून आणून भागत नाही."

वरात पांढऱ्या लिमोमधून निघाली. मंडळात जी गोष्ट फिरली ती अशी, की शरयू पेठेंचं काम आता होत नाही, त्यांनी ऐनवेळी डॉक्टरांना तोंडघशी पाडलं. डागाबद्दल कुणी बोलत नव्हतं. भटजींनी तर मला ऐकवलं की पंचामृताने कधी कशाचं वाईट होत नसतं, यंत्रातच दोष असणार. त्यानंतर मी मंडळात जाणं सोडलं. इतक्या वर्षांनीही त्या हॉलमधले ते फॉइलचे ट्रे, ते गोड गोड बोलणं आठवलं की मला शिसारी येते, आणि ती मी आता लपवत नाही.

ताई घर विकून मुलीकडे, सिएटलजवळ बॉथेलला गेल्या. अंजू तिथे एका लॅबमध्ये होती, इथेच जन्मलेली, मराठी समजणारी पण बोलायला लाजणारी. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. घर टापटीप, जिथे तिथे दालचिनीच्या मेणबत्त्या. ताईंनी चहा केला. दूध नासलेलं होतं, चहात गुठळ्या तरंगत होत्या, आणि त्या शांतपणे पीत बसल्या होत्या. अंजूने कप हातातून काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, इट्स बॅड." ताई माझ्याकडे वळल्या. "मला आता कशाचीच किळस येत नाही ग," त्या म्हणाल्या. "ह्याच्याइतकं किळसवाणं काही नाही."

मला रडू आलं. ते आवरायला म्हणून मी त्यांना वर्कशॉपबद्दल सांगू लागले. रॉयने मला बेंचवर बसवलं होतं, तारा गुंडाळायला दुसरा माणूस ठेवला होता. त्या आठवड्यात आलेल्या एका जनरेटरमध्ये मुंग्यांचं वारूळ होतं आणि त्याला कसा आंबूस, लोखंडी वास होता, हे मी सांगितलं. ताई पुढे सरकून बसल्या. आंबूस म्हणजे चिंचेसारखा की व्हिनेगरसारखा, त्यांनी विचारलं. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा आक्रसत गेला, नाकपुड्या फुलल्या, आणि खरी, जुनी शिसारी त्या चेहऱ्यावर आली.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तब्येत, हवा, असलं काही नाही. "ह्या आठवड्यात काय घाण आलं?" एवढंच. बॅटरीचं ॲसिड, कुजलेलं चामडं, बेडकाचं मढं, मी जमेल तेवढं साग्रसंगीत वर्णन करायची. पलीकडे त्या अक्षरशः चवीने किळसायच्या. नवरा म्हणायचा की तुम्ही दोघी वेड्या आहात. काही वर्षं हे चाललं. मग त्यांचा आवाज बारीक होत गेला, फोन अंजू लावून देऊ लागली. एका रविवारी मी दमलेली होते. आज काही नाही ताई, एकच जनरेटर आला आणि तो स्वच्छ होता, असं मी म्हणाले.

"स्वच्छ काही नसतं," त्या म्हणाल्या. "नीट हुंगलं नाहीस. उद्या पुन्हा उघड, आणि मला सांग."

सोमवारी मी तो पुन्हा उघडला, नाक आत घातलं आणि किळस येईपर्यंत थांबले. फोन रविवारी करायचा म्हणून आठवडाभर तो वास जपून ठेवला. शनिवारी अंजूचा फोन आला. ताई सकाळी झोपेतच गेल्या होत्या. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "वैशालीमावशी, आई आठवडाभर विचारत होती. व्हॉट वॉज इट? त्या जनरेटरमध्ये?"

मी तिला सांगितलं. ओलं गोणपाट, त्यात कधीतरी मेलेली पाल, वर खवट झालेलं एरंडेल, आणि अगदी तळाशी नुकती करपायला लागलेली लाख. सावकाश, एकेक थर वेगळा करून सांगितलं.

पलीकडे अंजू रडत होती, आणि रडता रडताच म्हणाली, "शी, मावशी. दॅट्स डिसगस्टिंग."